चाळीसवर न थांबणारं पाणी

एका विद्यापीठात कंट्रोल इंजिनिअरिंगची प्रयोगशाळा होती आणि तिच्यात पारदर्शक प्लास्टिकची, माणसाच्या कमरेएवढी उंच एक टाकी होती. टाकीत वरून पाणी यायचं, खालून निघून जायचं. वरून किती पाणी सोडायचं हे एक व्हॉल्व्ह ठरवायचा. त्या व्हॉल्व्हने किती उघडायचं हे कंट्रोलर नावाची एक पेटी ठरवायची. विद्यार्थ्यांचं काम एवढंच की पेटीला योग्य आकडे द्यायचे आणि टाकीतलं पाणी बरोबर चाळीस सेंटिमीटर उंचीवर स्थिर करून दाखवायचं.

त्या वर्षी ही प्रयोगशाळा श्रीनिवास हुद्दार या नव्या प्राध्यापकांकडे आली. हुद्दार सर हुशार होते. पदवीला सुवर्णपदक, नंतर डॉक्टरेट. फळ्याच्या एका टोकाला समीकरण मांडलं की दुसऱ्या टोकाला उत्तर काढूनच खडू खाली ठेवायचे. वर्गातली मुलं त्यांच्याकडे बघत राहायची. पण त्यांनी आजवर ज्या टाक्या भरल्या त्या सगळ्या कागदावर. खऱ्या व्हॉल्व्हला त्यांचा हात कधी लागला नव्हता. नोकरी एका वर्षाच्या कराराची होती. वर्ष संपताना विभागप्रमुख बेलसरे मॅडम अहवाल देणार आणि त्यावर पुढचं ठरणार.

पहिल्या प्रात्यक्षिकाला बारा विद्यार्थी टाकीभोवती जमले. सरांनी सोप्या शब्दांत सांगितलं, "पेटीला तीन आकडे द्यायचे. पाण्याची उंची चुकली तर किती जोराने धावायचं, हे पहिला आकडा सांगतो. आधीच्या चुका किती लक्षात ठेवायच्या, हे दुसरा सांगतो. पुढे काय होणार याचा अंदाज किती बांधायचा, हे तिसरा सांगतो. हे आकडे मी घरून काढून आणलेत. आता बघा."

आकडे भरले. पंप सुरू झाला. पाणी चढलं, चाळीसवर आलं आणि तिथे न थांबता त्रेचाळीसवर गेलं. मग उतरू लागलं. चाळीसवर पुन्हा न थांबता सदतीसवर आलं. मग परत वर. मुलं दर दहा सेकंदांनी उंची वाचून लिहीत होती. पाव तास झाला तरी पाण्याचं वर-खाली चालूच होतं.

सरांनी पहिला आकडा कमी केला. पाणी जरा सावकाश हेलकावू लागलं, पण हेलकावत राहिलं. तिसरा वाढवला. काही फरक पडला नाही. त्यांनी खिशातला कागद काढून हिशेब पुन्हा तपासला. हिशेब बरोबर होता. टाकी मात्र तो मानायला तयार नव्हती.

मुमताज मुजावर नावाची एक मुलगी टाकीच्या अगदी जवळ उभी होती. तिने विचारलं, "सर, हे असं का होतंय?"

सरांना ते ठाऊक नव्हतं. पण बाराही जणांच्या नजरा आपल्यावर आहेत हे त्यांना जाणवलं आणि तोंडातून वेगळंच बाहेर पडलं.

"तुमचं रीडिंग चुकत असेल. नीट घ्या."

मुमताजने मान हलवली आणि वही घेऊन पुन्हा बसली. सरांच्या मनात काहीतरी खुपलं. आकडे तर ते स्वतःही डोळ्यांनी बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत सर एकटेच प्रयोगशाळेत येऊ लागले. डबा बाजूला राहायचा आणि ते टाकीसमोर बसायचे. एकदा त्यांनी दुसरा आकडा, म्हणजे जुन्या चुका लक्षात ठेवणारा, पुसूनच टाकला. आश्चर्य असं की पाणी शांत झालं. पण शांत झालं ते छत्तीसवर. सरांनी आकडा परत भरला. पाणी चाळीसकडे निघालं, ओलांडून गेलं आणि पुन्हा हेलकावू लागलं. म्हणजे स्थिर हवं असेल तर चुकीच्या जागी, आणि बरोबर जागी हवं असेल तर अस्थिर. पुस्तकांत यावर बरंच काही लिहिलेलं होतं, पण हे असं, कितीही आकडे बदलले तरी न संपणारं, त्यांना कुठे आठवेना. त्यांनी सोपी पुस्तकं पाहिली, अवघड पाहिली. पाहावं तेवढा गोंधळ वाढत गेला.

प्रयोगशाळेतले सहायक खरातमामा कपाटं पुसता पुसता हे बघत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, मोजकं बोलणारा माणूस. एके दिवशी ते म्हणाले, "सर, मागच्या मुलांची जर्नलं आहेत कपाटात. हवी तर काढून देतो."

सरांनी दोन-चार जर्नलं उघडली. सगळीकडे आलेख एकदम देखणा. रेषा चढते, चाळीसच्या थोडी वर जाते, वळून खाली येते आणि मग चाळीसवर जी बसते ती कागद संपेपर्यंत हलत नाही. प्रत्येक पानाखाली बेलसरे मॅडमची सही. विभागप्रमुख होण्याआधीपासून सहा वर्षं मॅडमच ही प्रयोगशाळा बघत होत्या.

सरांनी जर्नल मिटलं. जे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दर वर्षी जमत आलं, ते आपल्याला जमत नाही. डॉक्टरेट कशात मिळवली आपण? हा प्रश्न कुणाला विचारावा हेही त्यांना कळेना. मॅडमना विचारलं तर त्या अहवालात काय लिहितील, याचा विचार आला आणि पाय केबिनच्या दारातूनच मागे फिरले.

पुढच्या आठवड्यात बारा जर्नलं तपासायला आली. सर लाल पेन घेऊन बसले. पहिल्या जर्नलात पाणी चाळीसवर बसलं होतं. दुसऱ्यातही बसलं होतं. सर चक्रावले. याच टाकीवर, याच मुलांनी, त्यांच्या डोळ्यांदेखत घेतलेला प्रयोग. ते पाणी क्षणभरही थांबलं नव्हतं. मग वहीत कसं थांबलं? की ते थांबलं होतं आणि आपल्यालाच दिसलं नाही? माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागला की कुठवर जाईल सांगता येत नाही.

अकरा जर्नलांत अकरा देखण्या रेषा निघाल्या. बारावं मुमताजचं. तिच्या पानावर रेषा नागमोडी होती, वर-खाली, वर-खाली, थेट कडेपर्यंत. खाली नीट अक्षरात लिहिलं होतं, "तीन वेळा प्रयोग केला. तिन्ही वेळा असंच आलं. कारण कळलं नाही."

सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. हेच वाक्य गेले आठ दिवस त्यांच्या स्वतःच्या मनात होतं. फरक इतकाच की तिने ते लिहिलं होतं.

आणि तरीही त्यांनी अकरा जर्नलांवर सही केली आणि बाराव्यावर लाल शाईने लिहिलं, "पुन्हा करा."

जर्नल परत मिळाल्यावर मुमताज त्यांच्या टेबलाशी आली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीसारखाच होता. "सर, मी पुन्हा करते. फक्त तुम्ही समोर उभे राहाल का? माझं कुठे चुकतंय ते मला दाखवा. माझे अब्बा मोटारी रिवाइंड करतात, जळालेली तार काढून नवी गुंडाळतात. ते म्हणतात, चूक दाखवता आली पाहिजे, नुसतं 'चूक आहे' म्हणून चालत नाही."

"उद्या बघू," सर म्हणाले.

ती बरं म्हणून गेली. तिच्या मागून प्रज्वल नावाचा तिचा वर्गमित्र चालला होता. तो तिला हळूच म्हणाला, "तुला सांगितलं होतं ना मी, माझा आलेख घे म्हणून." सरांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. घरी जाताना मात्र ते वाक्य त्यांच्याबरोबर बसमध्ये चढलं. या मुलीने खरं लिहिलं म्हणून तिला पुन्हा करायला लावलं आणि बाकीच्यांनी खोटं लिहिलं म्हणून त्यांना सही मिळाली. असं आपण शिकवतो आहोत. सुवर्णपदक घेताना हे असं काही करायचं ठरवलं नव्हतं.

सकाळी सर प्रयोगशाळेत आले तेव्हा बाराही जण हजर होते. सरांनी पंप सुरू केला नाही. ते म्हणाले, "सगळ्यांनी आपापली जर्नलं टेबलावर ठेवा."

जर्नलं आली. सरांनी एकेक उघडलं आणि अकरा जर्नलांवरच्या स्वतःच्या सह्या एकापाठोपाठ एक खोडल्या. मग मुमताजचं जर्नल घेतलं, "पुन्हा करा" खोडलं आणि तिथे सही केली.

"त्या दिवशी मुमताजने विचारलं होतं, असं का होतंय," ते म्हणाले. "मी म्हणालो, तुमचं रीडिंग चुकलं. ते खोटं होतं. रीडिंग बरोबर होतं. असं का होतंय ते मला माहीत नाही. मी आठ दिवस दुपारी इथे बसलोय, मला उत्तर सापडलेलं नाही."

सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. आता मुलं हसतील, असं त्यांना वाटलं. कुणी हसलं नाही. प्रज्वल उठून उभा राहिला.

"सर, माझा आलेख मागच्या वर्षीच्या जर्नलातून घेतलाय. बाकीच्यांनी माझा घेतला." तो खाली बघत होता. "आम्हाला वाटलं, सीनियर लोकांना बरोबर आलंय, आमचंच काहीतरी चुकतंय."

"मलाही तेच वाटलं," सर म्हणाले. हे बोलताना त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि त्याच वेळी एक नवीनच शंका आली. "मामा, ती जुनी जर्नलं सगळी बाहेर काढता का?"

सहा वर्षांची जर्नलं टेबलांवर उघडून ठेवली. मुलं एकेक पान पाहत फिरू लागली. मुमताजने दोन पानं शेजारी धरली आणि म्हणाली, "सर, इथे बघा. रेषा उतरताना तिसऱ्या मिनिटाला एक बारीक दात आहे. या पानावरही आहे. आणि त्याच जागी आहे."

सगळ्यांनी बघितलं. मागच्या वर्षीच्या पानांवर तो दात होता. त्याच्या आधीच्या वर्षीही होता. सहाही वर्षांच्या, चांगल्या अक्षरातल्या आणि वाईट अक्षरातल्या, प्रत्येक आलेखात तिसऱ्या मिनिटाला तोच दात.

"मग सहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या तुकडीने कुठून घेतला?" प्रज्वलने विचारलं.

खरातमामांनी कपाटाच्या तळातून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका. अकराव्या पानावर तोच आलेख छापलेला होता, नमुना म्हणून. तिसऱ्या मिनिटाजवळ छपाईची शाई जरा फुटली होती. तोच तो दात.

"मुलं मागायची, मी द्यायचो," मामा ओशाळून म्हणाले. "मला वाटायचं, वाचायला नेतात."

सर खुर्चीत बसले. म्हणजे हे पाणी चाळीसवर कधी थांबलंच नव्हतं. सहा वर्षांत एकदाही नाही. प्रत्येक वर्षी मुलांनी हेलकावे पाहिले, प्रत्येकाला वाटलं आपणच तेवढे मठ्ठ, आणि प्रत्येकाने मागच्याची सरळ रेषा उतरवून पुढच्याला मठ्ठ ठरवलं. आता सरांना हसावं की रडावं ते कळेना.

"मग दोष टाकीत असेल का, सर?" मुमताजने विचारलं.

"माहीत नाही," सर म्हणाले. हे दोन शब्द आता त्यांना जड गेले नाहीत. "बघू या."

त्यांनी पेटी ऑटोवरून काढून हाताच्या हुकमावर घेतली. आता पेटी स्वतः काही ठरवणार नव्हती. जो आकडा द्याल तेवढा व्हॉल्व्ह उघडायला सांगणार होती. व्हॉल्व्ह उघडताना-मिटताना वर-खाली सरकणाऱ्या त्याच्या उभ्या दांडीवर सरांनी बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. दांडी थंड आणि थोडी ओलसर होती.

"मुमताज, एकेक आकडा वाढव आणि मोठ्याने सांग."

"चव्वेचाळीस," मुमताज म्हणाली. दांडी हलली नाही. "पंचेचाळीस. शेहेचाळीस." काहीच नाही. "सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस." सरांना वाटलं, आपलं बोट चुकीच्या जागी आहे. "एकोणपन्नास," ती म्हणाली आणि दांडी बोटाखाली खाडकन उडी मारून वर गेली.

सरांनी हात काढला नाही. "आता उतरव."

उतरतानाही तेच झालं. चार-पाच आकडे दांडी गप्प आणि मग एकदम झटका. मग प्रज्वलने बोट ठेवलं, मग एकेक करून सगळ्यांनी. खरातमामांनीही.

आता गोष्ट उलगडू लागली. पेटी म्हणायची, थोडं उघड. व्हॉल्व्ह अडून बसायचा. पेटी जुन्या चुका लक्षात ठेवून आणखी जोर लावायची. मग व्हॉल्व्ह एकदम उसळायचा आणि गरजेपेक्षा जास्त उघडायचा. पाणी वर जायचं. परत बंद करतानाही तेच. सरांचे आकडे कितीही बरोबर असोत, अडलेल्या दांडीला आकड्यांनी काय फरक पडणार होता? आणि चुका लक्षात ठेवणारा आकडा पुसला की पेटी जोर लावणंच सोडून द्यायची. म्हणून पाणी भलत्याच जागी गप्प बसायचं.

पण व्हॉल्व्ह खोलायचा तर विभागप्रमुखांची परवानगी हवी. म्हणजे बेलसरे मॅडमकडे जायचं आणि त्यांना सांगायचं की तुम्ही सही केलेली सहा वर्षांची जर्नलं खोटी आहेत. सर जिन्यावर थोडे थांबले. वर्षअखेरीचा अहवाल त्यांच्या डोळ्यांपुढे आला. मग ते वर गेले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला, खाली जाऊ."

प्रयोगशाळेत उघडी जर्नलं अजून टेबलांवर पडली होती. मॅडम त्यांच्या मधून सावकाश चालत गेल्या. आपली सही आणि तो दात त्यांनी पानोपान पाहिला. मुलं भिंतीला लागून उभी होती. आता काय होणार, कुणाला काही कळत नव्हतं.

"पहिल्या वर्षी मीही दुपारी इथे बसायचे," मॅडम हुद्दार सरांकडे वळून म्हणाल्या. "माझंही पाणी थांबत नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. मग मुलांची जर्नलं आली. सगळ्यांच्या रेषा सरळ. मला वाटलं, मुलांना जमतंय, मलाच जमत नाही. त्यानंतर मी स्वतः ही टाकी चालवायचं सोडून दिलं. नुसत्या सह्या करत राहिले."

सर ज्या खुर्चीत आठ दिवस बसले होते, तिच्या पाठीवर मॅडमनी हात ठेवला.

"व्हॉल्व्ह खोला," त्या म्हणाल्या. "मी इथेच थांबते."

खरातमामांनी व्हॉल्व्ह हलवणारी दाबाची हवा बंद केली, पाना आणला. मुमताजने कंदील धरावा तसा मोबाइलचा दिवा धरला. व्हॉल्व्ह उघडल्यावर आत दांडीभोवती चुन्यासारखा पांढरा थर घट्ट बसलेला दिसला. बोअरच्या पाण्याचे क्षार. पाणी गळू नये म्हणून दांडीभोवती बसवलेलं वरचं पॅकिंग वाळून लाकडासारखं झालं होतं. थर खरवडून काढायला, नवीन पॅकिंग आणून बसवायला चार दिवस गेले. त्या दिवसांत कुणी कुणाचं जर्नल मागितलं नाही.

पाचव्या दिवशी पंप पुन्हा सुरू झाला. हुद्दार सरांनी आपले मूळचे आकडे भरले. पाणी चढलं. चाळीस ओलांडून बेचाळीसच्या जवळ गेलं, उतरलं, एकोणचाळीसवर आलं, पुन्हा थोडं चढलं आणि चाळीसच्या रेषेला लागून राहिलं. अगदी पुस्तिकेतल्यासारखं नाही. जरासं थरथरत होतं. पण एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली, पाणी तिथेच होतं.

मुलांनी थरथरीसकट आलेख काढले. बारा आलेख बारा तऱ्हेचे आले. कुणाचं पाणी अर्धा सेंटिमीटर वर, कुणाचं थोडं उशिरा पोचलेलं. प्रज्वलच्या आलेखात मध्येच एक खोल खड्डा होता. त्याने खाली लिहिलं, "इथे माझा धक्का नळाला लागला." सरांनी त्यावर सही केली.

बेलसरे मॅडम त्या दिवशीही आल्या होत्या. मुलं गेल्यावर त्या टाकीपाशी थांबल्या. त्यांनी बांगडी मागे सारली आणि व्हॉल्व्हच्या दांडीवर बोट ठेवलं.

"हुद्दार, पेटी जरा हातावर घ्या," त्या म्हणाल्या, "आणि एकेक आकडा मोठ्याने सांगा."

सरांनी सांगायला सुरुवात केली. दर आकड्याला दांडी मॅडमच्या बोटाखाली केसभर सरकत होती.

तात्पर्य: जो आपलं न कळणं झाकतो, तो मागून येणाऱ्या प्रत्येकाला एकटं पाडतो. जे दिसलं ते तसंच लिहावं आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणावं. दोष सापडायला सुरुवात तिथूनच होते.